जरा भुंकते!

माझ्या दोस्तांनो,

या आठवड्याच्या टपालात एक रागावलेलं पत्र आलंय. लिहिणारा सातवीत आहे, सांगलीकडचा. नाव त्यानं ठसठशीत लिहिलंय, पण मी ते छापत नाही. उगीच वर्गात कुणी चिडवायला नको. पत्र असं आहे :

‘मावशी, रविवारी आम्ही सगळे कुत्र्यांच्या निवाऱ्यात गेलो होतो. मला एक तपकिरी कुत्री फार आवडली. बाबा हो म्हणाले होते. आईपण कशीबशी तयार झाली होती. पण तिथल्या बाईंनी आम्हांला पन्नास प्रश्न विचारले. घर कितव्या मजल्यावर? जिना केवढा? शेजारी कुत्रा आहे का? आणि शेवटी म्हणाल्या, ही तुमच्यासाठी नाही. आम्ही तिला सांभाळायला तयार होतो तरी! मग तिनं काय जन्मभर जाळीतच राहायचं? त्या बाई दुष्ट आहेत ना?’

अरे, तुझा राग मला कळतो. पण त्या बाईंच्या जागी मी एकदा उभी होते, आणि मी ‘हो’ म्हटलं होतं. पुढं काय झालं ते आज सांगते. गोष्ट माझ्याच चुकीची आहे, त्यामुळं सांगायला फार मजा येणार नाहीये.

गावाबाहेरच्या एका निवाऱ्यात मी बरीच वर्षं दर रविवारी जाते. काम काही थोर नाही. पत्र्याच्या शेडमधले कप्पे धुवायचे, पाण्याची घमेली भरायची, ज्यांना फिरवता येतं त्यांना फिरवून आणायचं. टिकली मला तिथंच भेटली. अंग काळंभोर आणि कपाळावर मधोमध पांढरा ठिपका, म्हणून टिकली. वय असेल दोनेक वर्षं. एका अर्धवट राहिलेल्या इमारतीपाशी ती साखळीला बांधलेली सापडली होती. काम बंद पडलं, राखणदार आपलं बिऱ्हाड घेऊन गावी गेला, आणि ही तिथंच राहिली. समोरचा चहावाला तिला पाव टाकायचा. तो सांगत होता, आसपासची मोकाट कुत्री तो पाव पळवायला यायची आणि हिला फाडायची.

आता विचार करा हं. मोकळ्या कुत्र्याच्या अंगावर दुसरं कुत्रं आलं, तर त्याच्यापुढं दोन वाटा असतात. पळायचं, नाहीतर भांडायचं. साखळीतल्या कुत्रीला पळायची वाटच बंद! टिकलीच्या जबड्याखाली आणि कानामागे चाव्यांचे जुने व्रण होते.

माणसांशी ती लोण्यासारखी मऊ. मी कप्प्यात बसले की मांडीवर डोकं टाकून डोळे मिटून घ्यायची. पण दुसरं कुत्रं दिसायचा अवकाश, अगदी शंभर पावलांवर का असेना, की पाठीवरचे केस ताठ, दात बाहेर आणि धाडकन जाळीवर उडी! तोंडातून फेस येईपर्यंत भुंकायची.

अशा कुत्र्यांना हल्ली ‘रिअॅक्टिव्ह’ म्हणतात. मला आपला जुना शब्द बरा वाटतो. बिथरणारं. बैल बिथरतो, घोडा बिथरतो, तसं कुत्रंही बिथरतं. मारकं कुत्रं वेगळं आणि बिथरणारं वेगळं, बरं का. बिथरणाऱ्याच्या पोटात बहुतेक वेळा भीती असते. ‘लांब राहा, जवळ येऊ नकोस,’ एवढंच ते ओरडून सांगत असतं. आणि गंमत अशी, की हा उपाय लागूही पडतो! आपण भुंकलो, समोरचं कुत्रं निघून गेलं. ते एरवीही जाणारच होतं, पण आपल्याला वाटतं, वा, भुंकण्यानंच गेलं. मग पुढच्या वेळी आणखी जोरात. परीक्षेच्या आदल्या दिवशी धाकट्या भावावर खेकसून त्याला खोलीबाहेर घालवणारे माझ्या वाचकांत कितीजण आहेत, ते मी विचारत नाही.

निवाऱ्यात तर हे वाढतच जातं. आपल्या कानांना सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात; कुत्र्यांना सुमारे ४५,००० पर्यंतचे. त्यात वर पत्रा आणि खाली चाळीस कुत्री एकदम भुंकतायत. बिचारीला दिवसभरात शांत घटका म्हणून मिळत नव्हती. त्यामुळं तिला लवकरात लवकर घर मिळावं म्हणून मी अगदी घायकुतीला आले होते.

आणि एक घर आलं. आई, बाबा, सहावीतली मुलगी आणि तिचा छोटा भाऊ. मुलगी जाळीपाशी उकिडवी बसली. टिकलीनं तिची बोटं चाटली. झालं! प्रेम जडलं. घर चौथ्या मजल्यावर होतं, लिफ्ट एकच, आणि इमारतीत आणखी चार कुत्री. हे मला माहीत होतं. बाबांनी सरळ विचारलं, ‘‘काही त्रास नाही ना हिचा?’’

मी म्हटलं, ‘‘छे हो! जरा भुंकते, एवढंच.’’

एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी ती मुलगी टिकलीला घेऊन खाली निघाली. लिफ्टचं दार उघडलं तर आत शेजारच्या काकू आणि त्यांचा पॉमेरियन. मध्ये अंतर जेमतेम दोन हात. टिकली झेपावली. दोरी मुलीनं मनगटाला गुंडाळून घेतली होती (असं कधीही करू नका, कुठल्याही कुत्र्याच्या बाबतीत), ती ओढली जाऊन उंबऱ्यावर आपटली. मनगटाचं हाड मोडलं. पॉमेरियनच्या कानाला टाके पडले.

तीन दिवसांनी सगळे टिकलीला परत सोडायला आले. बाबा काही बोलले नाहीत. मुलीचा हात प्लास्टरमध्ये होता. तिनं मला विचारलं, ‘‘मावशी, तुम्हांला माहीत होतं?’’

मी ‘हो’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

टिकली दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिसऱ्या दिवशी पाणी प्यायली.

निवाऱ्यातले दादा मला रागावले नाहीत, पण त्यांनी एक खडू आणि पाटी आणून माझ्यापुढं ठेवली. म्हणाले, ‘‘ताई, आता हिच्याबद्दल खरं खरं लिहा. सगळं.’’ मग आम्ही दोघांनी मिळून लिहिलं : ‘टिकली. वय अंदाजे ३. माणसांवर माया करते. दुसरं कुत्रं दिसलं की बिथरते. एकदा दिलेल्या घरातून परत आली आहे. घरात दुसरा प्राणी नको, लहान मुलं नकोत. लिफ्टचं घर नको. उंच कुंपण किंवा भिंत हवी. दोरी मोठ्या माणसानंच धरायची. घाई असलेल्यांनी कृपया विचारू नये.’

पाटी वाचून लोक पुढच्या कप्प्याकडे जायचे. चार महिने तिच्यासाठी कुणी थांबलं नाही. एक गृहस्थ तर म्हणाले, ‘‘असं लिहिलंत तर घेणार कोण हिला?’’ मलाही रात्री तेच वाटायचं, खोटं कशाला बोलू!

पण ते चार महिने फुकट गेले नाहीत. दादांनी शिकवणी सुरू केली. ती समजायला तुम्हांला एका रशियन शास्त्रज्ञाची ओळख हवी. इव्हान पावलोव्ह. त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळालं ते पचनक्रियेच्या अभ्यासासाठी. कुत्र्यांची लाळ मोजताना त्यांच्या लक्षात आलं, की अन्न तोंडात पडायच्या आधीच, अन्न आणणाऱ्याची चाहूल लागताच कुत्र्याला लाळ सुटते. मग अन्न देण्याआधी ते टिकटिक करणारं यंत्र लावू लागले. काही दिवसांनी नुसती टिकटिक ऐकूनच लाळ! तुम्ही हसू नका. स्वयंपाकघरात भज्यांचा चर्रर्र आवाज आला की तुमचं काय होतं?

दादांनी हेच उलटं वापरलं. निवाऱ्यात एक म्हातारा, लंगडा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा कुत्रा होता. त्याला मैदानाच्या त्या टोकाला उभं करायचं, टिकलीला या टोकाला. मध्ये साठ पावलं. तेवढ्या अंतरावर टिकली त्याला बघायची, कान टवकारायची, पण भुंकायची नाही. तिनं बघितलं रे बघितलं, की उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. म्हातारा झाडामागे गेला की कोंबडी बंद. कुत्रं दिसलं म्हणजे काहीतरी छान होतं, हे तिच्या मनात रुजवायचं. रोज दहा मिनिटं. पंधरा दिवसांनी पंचावन्न पावलं. मग पन्नास. दिवाळीत फटाके वाजले आणि गाडी पुन्हा साठावर! दादा शांतपणे पुन्हा साठापासून लागले.

मला तेवढा धीर कुठला? चाळिसावर आल्यावर एका रविवारी मी ‘बघू तर’ म्हणून एकदम वीस पावलांवर नेलं. टिकली बिथरली. मी घाबरून दोरी खेचली. त्या झटक्यात ती वळली आणि माझ्याच हाताला चावली. राग माझ्यावर नव्हता. पण उसळी आलेली असली आणि समोरच्यापर्यंत पोचता आलं नाही, की जे जवळ असेल त्याला दात लागतात.

इथं गोष्ट थांबवून एक सांगते, आणि आई-बाबांनाही वाचून दाखवा. कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरबाडलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, मिरची काही काही भरायचं नाही. आणि लगेच डॉक्टरांकडे. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेवर घेतलेली लस वाचवते. बोलणी बसतील म्हणून पुष्कळ मुलं चावा लपवतात. आई-बाबांनो, त्या वेळी आधी साबण आणि इंजेक्शन, बोलणी नंतर. टिकलीला लस दिलेली होती, तरी मी दवाखान्यात गेलेच.

परत आल्यावर दादांनी पुन्हा पाटी पुढं ठेवली. मी खडू उचलला आणि एक ओळ वाढवली : ‘दोरी खेचल्यावर धरणाऱ्याला एकदा चावली आहे.’

आता तुम्ही म्हणाल, मावशी, तिला एखाद्या शेतावर का नाही दिली? मोकळी हवा, भरपूर जागा! मलाही तेच वाटत होतं. आणि एक शेतकरी आलेही. माणूस भला, वस्तीवर चार एकर ऊस. पण दादांनी विचारलं, दिवसा कुठं ठेवणार? ते म्हणाले, दिवसा साखळीला, रात्री मोकळी. राखणीला. रात्री वस्तीवरची दुसरी कुत्री येतात का? येतात की, चांगली आठ-दहा! म्हणजे टिकलीला पुन्हा तीच साखळी आणि तीच कुत्री. दादांनी त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. ते बरेच नाराज झाले. तुझ्या बाबांसारखेच.

डिसेंबरात एक बाई आल्या. साठी उलटलेली, अंगानं किरकोळ. जिल्हा रुग्णालयात तीसेक वर्षं नर्स होत्या, म्हणून सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. त्यांनी पाटी वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, ‘‘चावली त्याच्या आधी काय काय केलं तिनं?’’

हा प्रश्न तोवर कुणी विचारला नव्हता. मी आठवू लागले. आधी तिनं जीभ काढून ओठ चाटले होते. मग जांभई दिली होती. मग तोंड फिरवलं होतं, पण डोळे तिकडेच, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता. मग ती दगडासारखी थिजली होती. म्हणजे तिनं मला चार वेळा सांगितलं होतं, आणि मी कोंबडी शोधत होते!

(शेपटीचंही तसंच. हलणारी शेपटी म्हणजे खूष कुत्रं, असं समजू नका. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी २००७ साली तीस कुत्र्यांच्या शेपट्यांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. मालक दिसला की शेपटी जास्त उजवीकडे हलते, आणि अनोळखी दांडगं कुत्रं दिसलं की जास्त डावीकडे! ही उजवी-डावी कुत्र्याची स्वतःची, आपली नव्हे. आणि फरक इतका बारीक, की त्यांना चित्रीकरण करून मोजावा लागला. तेव्हा शेपटी बघून अनोळखी कुत्र्याला हात लावायला जाऊ नका.)

सिस्टर सलग पाच रविवार आल्या. पहिल्या रविवारी नुसत्या जाळीबाहेर पाठ करून बसल्या. दुसऱ्या रविवारी वही घेऊन आल्या. वॉर्डात पेशंटचा तक्ता भरतात तशी ती वही. वेळ, अंतर, काय केलं, खाल्लं की नाही. तिसऱ्या रविवारी त्यांनी टिकलीला तोंडाची जाळी घालायला शिकवायला घेतली. करकचून बांधायचा पट्टा नव्हे हं. टोपलीसारखी जाळी, जिच्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. जाळीच्या तळाला दहीभात लावायचा आणि टिकलीला आपणहून तोंड घालू द्यायचं. चौथ्या रविवारी टिकली ती जाळी बघून शेपूट हलवायला लागली. डावीकडे की उजवीकडे, ते बघायचं राहिलं.

मग आम्ही त्यांचं घर बघायला गेलो. बोळाच्या टोकाला जुनं बैठं घर, मागं परस, परसाला पुरुषभर उंचीची भिंत. दादांनी फाटकाखाली वीत घालून बघितली. वीतभर फट! तिथून कुत्रं बाहेर येत नाही, पण बाहेरचं नाक आत येतं. सिस्टरनी सुताराकडून फळी ठोकून घेतली. ‘‘घरी लहान मुलं?’’ दादांनी विचारलं. मे महिन्यात नागपूरची नात येते, सात वर्षांची. मग ती असेपर्यंत टिकलीची खोली वेगळी, मध्ये कडीचं दार, आणि दोघींना कधीही एकटं सोडायचं नाही, असं ठरलं. ठरलं म्हणजे सिस्टरनी वहीत लिहिलं.

टिकली आधी तीन आठवड्यांच्या बोलीवर गेली. पहिले तीन दिवस ती खाटेखालून बाहेरच आली नाही. सिस्टरनी ताटली खाटेखाली सरकवली आणि वहीत लिहिलं, ‘आज झोपली. बरं केलं.’ आणलेल्या कुत्र्याला निवायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे आणि घर आपलं वाटायला तीन महिने, असा एक ठोकताळा आहे. टिकलीला दुप्पट लागले असतील. या गोष्टीला आता दोन वर्षं होतील.

ती बरी झाली का? तसं नाही म्हणता येणार. अजूनही दहा पावलांच्या आत कुत्रं आलं तर ती बिथरते. लग्नाच्या वरातीच्या दिवशी घरात पंखा आणि रेडिओ मोठ्यानं लावून बसावं लागतं. सिस्टर पहाटे साडेपाचला फिरायला नेतात, कारण तेव्हा बोळात कुणी नसतं. समोरून कुत्रं आलंच तर दोरी न खेचता, अर्धगोल वळून दुसऱ्या बाजूला जातात.

आणि त्या बोळात एक आठवीतला मुलगा राहतो. त्याच्याकडे दांडगा लॅब्रॅडोर आहे. सिस्टरनी पहिल्याच आठवड्यात त्याला बोलावून सगळं सांगितलं होतं. तेव्हापासून तो कुत्र्याला घेऊन कोपऱ्यावर आला, की खिशातली सायकलची घंटी दोनदा वाजवतो. ट्रिंग ट्रिंग! आतून सिस्टर ‘‘थांब रे’’ म्हणतात, टिकलीला परसात नेतात, मग ‘‘जा’’ म्हणतात. सायकल केव्हाच मोडीत गेली, पण घंटी त्यानं काढून ठेवलीय. हल्ली ती घंटी वाजली की टिकली आपणच परसाच्या दाराशी जाऊन बसते. तिथं कोंबडी मिळते ना!

तर सांगलीच्या दोस्ता, त्या बाई दुष्ट आहेत की नाहीत ते मी इथं बसून कसं सांगू? पण तू येत्या रविवारी पुन्हा जा. त्यांना विचार, तपकिरी कुत्री कशाला घाबरते? आणि दुसरं विचार, आमच्या घराला साजेसं तुमच्याकडे कोण आहे? जाताना तुमच्या घराचा नकाशा काढून ने. जिना, दारं, गच्ची, शेजारचा कुत्रा, तुमची शाळेची वेळ, आजीची झोपायची वेळ, सगळं त्यात दाखव. दिवाळीत तुमच्या गल्लीत किती फटाके वाजतात तेही लिही. खोटं काही नको. शेजारचा कुत्रा दांडगा असेल तर दांडगाच काढ.

तपकिरीसाठी खाऊ न्यायचा असेल तर आधी बाईंना विचार. शिजवलेली हाडं मात्र नेऊ नकोस, त्यांच्या कपच्या घशात अडकतात.

आणि नकाशाची एक प्रत मलाही पाठव.

तुमची,
मावशी